चुन्याचं विमानतळ

धान निघालं, पुंजणी उठली, खळं रिकामं झालं,
तेव्हा कबड्डीतला उरलेला चुना आणून
मी तिथं विमानतळ काढलं.
स्वतः कधी पाहिलेलं नव्हतं.
तालुक्याला माझं सेतू केंद्र:
सातबारा, जातीचा दाखला, आधारला न उमटणारी बोटं,
आणि हे पहिलंच असलं तिकीट,
नागपूर, दोहा, फ्रँकफर्ट.
प्रवासी पुस्तकला गजभिये, वय एकसष्ट.
लेक तिकडं नर्स, तिला नववा लागत होता.

नाव पुस्तकला, आणि वाचता येतं ते
एसटीच्या पाटीपुरतं, तेही मराठी.
म्हणून गेट मी तिला चित्रानं शिकवलं.
आधी विळा, मग बगळा, मग उभी काठी.
सी एकवीस.
शेण काढताना, भात वेळताना
ती पुटपुटायची, इळा, बगळा, काठी.

सरकत्या जिन्यासाठी डोमाजीची बंडी.
चालत्या बंडीवर पाय टाकायचा,
कुणाचा खांदा धरायचा नाही.
दोनदा पडली.
तिसऱ्यांदा चढली
आणि थेट बोडीच्या पाळीपर्यंत उतरलीच नाही.

कोतवाल पासपोर्टच्या खिडकीत,
म्हणजे ढोलीच्या आड खुर्ची टाकून:
"कायले चालल्या?"
"बाळंतपनाले."
"कोनाच्या?"
"तुह्या मायच्या."
सगळं खळं हसलं.
मी म्हटलं, मावशी, तिथं असं बोलायचं नाही.
"तं तिथं असं पुसतेत काहून?"

तपासणीच्या रेघेवर दोन्ही हात वर.
पदराची पिन, कमरेची चंची,
चंचीतला अडकित्ता.
तो मीच काढून घेतला.

ती गेली. पहाटे फोन.
"बाबू, इळा बदलला.
पाटीवर आता धनुष्य आलं,
अन् त्याच्यापुढं मोडल्या खुंटीसारखं काही तरी."
मी अंथरुणात उठून बसलो.
डी? डी सात?
माझ्या विमानतळात डी नव्हताच.
चुना संपला म्हणून मी सीलाच थांबलो होतो.
कुणाला तरी विचार, म्हटलं.
"सारेच पळून राह्यले.
पळत्या मानसाले काय पुसू?"
आणि फोन बंद.

त्या दिवशी एकाच माणसाचा सातबारा
मी दोनदा काढला,
पैसे एकदाही घेतले नाहीत.

दुपार कलल्यावर लेकीच्या फोनवरून आवाज आला.
"रान चुकलं का ढोराच्या मांगं चालावं,
ढोर पान्यावर नेते.
माह्या बाजूले एक बाई होती, पोटुशी, लाल मोजे,
हातातला कागद माह्यासारखाच,
तेच धनुष्य, तेच खुंटी.
ते उठली, मी उठली.
ते संडासात गेली, मी दारात उभी.
ते जिन्यावर, मी जिन्यावर.
अन् बाबू, तुहा जिना चुकला.
बंडी सपाट जाते.
जिना पायाखालून उगवते."

पोरगी झाली. अडीच किलो.

आता फागुन.
चुना ढोरांनी तुडवला, वाऱ्यानं नेला,
कोतवालानं खुर्ची परत नेली.
तरी शाळेत जाताना पोरं
त्या जागेवर हात वर करतात,
डोमाजीही करतो, कासरा दातात धरून,
आणि बैल आपोआप थांबतात.

काल दुकान बंद करून येताना अंधार होता,
रेघ नेमकी कुठं ते कळेना.
अंदाजानं थांबलो, हात वर केले.
खिशात तिचा अडकित्ता होता.
कुणी विचारलं नाही.